मोटार-रेडिओची एरियल : जुन्या गाड्यांतील घरगुती विद्युत फेरबदल

जुन्या मोटारीतला रेडिओ नीट लागावा म्हणून मालकाने स्वतः किंवा गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एरियल, तिची केबल, अर्थिंग आणि वीजपुरवठा यांत करून घेतलेले बदल. येथे ‘जुनी गाडी’ म्हणजे मुख्यतः अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी (फियाट 1100 च्या या वंशजाला हे नाव 1974 मध्ये मिळाले) आणि 1983 पासूनची मारुती 800. हे बदल बहुधा उलट्या क्रमाने केले जातात. आधी बूस्टर येतो, मग मोटरवर वरखाली होणारी एरियल. केबल आणि बुडाचा गंज यांच्याकडे कोणी पाहिलेच तर सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात जुन्या गाडीतला बहुतेक दोष या शेवटच्या दोन ठिकाणीच असतो आणि तो तसाच ठेवून वर चढवलेली वीज त्या दोषालाच मोठा आवाज देते.

ग्रहणक्षेत्र : अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हे या मुद्द्याच्या पडताळणीसाठी सोयीचे ठिकाण आहे, कारण येथे दोन अगदी वेगळ्या जातींच्या लहरी एकाच एरियलवर येतात. पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाली. तिची मध्यम लहर 792 किलोहर्ट्झ. राहुरी पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किमीच्या आसपास आहे. ही लहर मुळातच खेडोपाडी पोचावी अशा बेताची होती. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर यांच्यासोबत तेव्हाचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हाही होता. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचा सगळा भर गावात एकत्र बसून ऐकणाऱ्या शेतकऱ्यावर होता. रस्त्यावरून जाणारा श्रोता त्या विचारात नव्हता. दुसरी लहर अहिल्यानगर केंद्राच्या एफएमची, 100.1 मेगाहर्ट्झ, अंतर सुमारे 35 किमी. नगर–मनमाड रस्त्याने उत्तरेला शिर्डीपर्यंत गेले की हे अंतर ऐंशीवर जाते आणि एफएम क्षीण होत जातो. एफएमची लहर 3 मीटरची असल्याने तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 75 सेंमीची काडी, अगदी मापात बसते. 792 किलोहर्ट्झची लहर मात्र सुमारे 379 मीटरची. तिच्या चौथ्या हिश्शासाठी 95 मीटरचा खांब लागेल. त्यामुळे मध्यम लहरीवर मोटारीची एरियल ही जवळपास एक छोटे कंडेन्सरच असते, 10 ते 15 पिकोफॅरडचे.

केबल : या कंडेन्सरपुढे केबलची स्वतःची धारिता समांतर येते आणि आलेला विद्युत्दाब या दोहोंत वाटला जातो. म्हणून मोटारीच्या मूळ केबलमध्ये पोकळ नळीतून केसासारखी बारीक तार नेलेली असते. तिची धारिता मीटरला 30 पिकोफॅरडच्या आसपास ठेवता येते. ही तार तुटली की सर्वांत सोपा उपाय म्हणून घरातली टीव्हीची केबल जोडतात. जुन्या आरजी-59 केबलची धारिता मीटरला 67 पिकोफॅरड. दीड मीटर लांबी आणि 12 पिकोफॅरडची एरियल धरून हिशेब केला, तर मूळ केबलमधून सुमारे 21 टक्के दाब रेडिओपर्यंत पोचतो आणि टीव्हीच्या केबलमधून 11 टक्क्यांहून कमी. एफएमवर हीच केबल चांगली चालते. तेव्हा नगर स्वच्छ आणि पुणे गायब, असा अनुभव असेल तर संशय आधी केबलवर घ्यावा, रेडिओवर नव्हे. ‘माझ्या गाडीत टीव्हीचीच केबल आहे आणि सगळे ऐकू येते’ हा आक्षेप खरा असू शकतो. पुणे शहरात, केंद्राच्या सावलीत, निम्मा दाबही पुरून उरतो. राहुरीत तो पुरेलच असे नाही. एरियल मागे डिकीवर नेण्याची हौसही याच हिशेबात मार खाते, कारण चार मीटर केबल म्हटल्यावर चांगली केबलसुद्धा एक दशांशाहून कमी दाब पोचवते. केबल बदलल्यावर जुन्या रेडिओच्या एरियल-खोबणीजवळचा छोटा ट्रिमर 1400 किलोहर्ट्झच्या बाजूचे एखादे दुबळे केंद्र लावून पुन्हा जुळवावा लागतो. हे काम दोन मिनिटांचे असूनही सहसा कोणी करत नाही.

अर्थिंग आणि खरखर : पुढच्या मडगार्डवर बसवलेल्या एरियलचे बूड नेमके चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात येते. काळ्या मातीचा थर आतून वाळून बसतो, त्यात पाणी टिकते आणि दातेरी वॉशरखालचा पत्रा गंजतो. वरून काडी चकचकीत दिसते, पण केबलच्या बाहेरच्या जाळीचा बॉडीशी संबंध तुटलेला असतो. तपासणी मल्टीमीटरने होते. पिन रेडिओतून काढून पिनचे टोक आणि काडीचा शेंडा यांत जवळपास शून्य ओहम, पिनचे टोक आणि बॉडी यांत काहीही जोड नाही, पिनची बाहेरची कडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांत एका ओहमच्या आत, असे वाचन यायला हवे. तिसरे वाचन बिघडले की जाळी आडोसा देत नाही आणि इंजिनाच्या ठिणगीची खरखर थेट रेडिओत शिरते. पिन काढल्यावर खरखर थांबली तर ती एरियलमार्गे येते. तशीच राहिली तर वीजपुरवठ्याच्या तारेतून. डायनॅमो किंवा अल्टरनेटरची वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा या दुसऱ्या वाटेची असते. इग्निशन कॉइलवर कंडेन्सर लावायचा तो बॅटरीकडून येणाऱ्या टोकावर; कॉन्टॅक्ट पॉइंटकडच्या टोकावर लावला तर ठिणगीच दुबळी होते. वाहनातला हा विद्युत्चुंबकीय गोंधळ पुढे स्वतंत्र अभ्यासविषय झाला. त्याची मोजणी अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेत होते. सीआयएसपीआर-25 हे आंतरराष्ट्रीय मानक गाडीतल्याच रेडिओचे रक्षण करण्यासाठी आहे, तर सीआयएसपीआर-12 बाहेरच्यांच्या रेडिओचे.

बूस्टर : यावरचा मतभेद जुना आहे. बूस्टर लावून फरक पडला असे सांगणारे खोटे बोलत नाहीत, परंतु फरकाची कारणे दोन असू शकतात. बूस्टर बसवताना कुजलेला जोड आपोआप नवा होतो, हे एक. दुसरे खरे तांत्रिक कारण आहे : बूस्टर एरियलच्या बुडाशीच असेल तर केबलच्या धारितेने होणारी वाटणी टळते. डॅशबोर्डखाली, रेडिओच्या पिनला लावलेल्या बूस्टरला हा युक्तिवाद लागू पडत नाही. तोवर दाब गमावलेला असतो आणि खरखरही सोबत आलेली असते. बूस्टर संकेत आणि खरखर दोन्ही सारखीच वाढवतो. बाजारात विकला जातो तो बहुधा हा दुसरा प्रकार, कारण तो बसवायला पत्रा उघडावा लागत नाही.

मोटरची एरियल : साध्या प्रकारात दोन बाजूंचे बटण मोटरची ध्रुवता उलटवते. स्वयंचलित प्रकारात कायमची धन तार, अर्थ आणि रेडिओकडून येणारी निळी इशारा-तार असते. आवडता फेरबदल असा की कॅसेट लावली तरी काडी वर येते, ती येऊ नये म्हणून मध्ये बटण घालतात. बटण इशारा-तारेतच घालावे. कायमच्या धन तारेत घातले तर ते बंद करताच काडी वर असेल तिथेच थांबते आणि खाली येण्यासाठी वीजच उरत नाही. निळ्या तारेवर मोटर थेट चालवणे हा दुसरा नेहमीचा अपघात. ती तार फक्त इशाऱ्यापुरता प्रवाह देते, मोटरला काही अँपिअर लागतात, म्हणून मध्ये रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. काडी अर्ध्यावर थांबवण्याच्या बटणाला एफएमपुरता आधार आहे, 75 सेंमीचा. पुण्यासाठी ती पूर्ण वर असलेलीच बरी.

धन-अर्थ गाड्या : मॉरिस ऑक्सफर्डच्या वळणाच्या सुरुवातीच्या अँबॅसडर गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असे, अशा गाडीत आजचा बूस्टर जसाच्या तसा जोडू नये.

परवाना : रेडिओसाठी टपाल कार्यालयातून घ्यावा लागणारा परवाना 1980 च्या दशकात रद्द झाला.