अर्ध्या कानाचा वॉकमन

1 जुलै 1979 रोजी सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीला आणला. किंमत 33,000 येन, आत दोन पेन्सिल सेल, रेकॉर्डिंगची सोय नाही. हेडफोन लावायला जागा मात्र दोन! एकट्यानेच ऐकत बसणं शेजारच्याला उद्धटपणाचं वाटेल, असं कंपनीच्या अकिओ मोरितांचं म्हणणं. नारिंगी बटण दाबलं की गाणं हळू होऊन बोलताही यायचं.

मामाने मुंबईहून आणलेल्या माझ्या वॉकमनला जागा एकच. 1996 साली, दहावीच्या परीक्षेआधी, मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण जालन्याच्या मोती तलावाकाठी हेडफोनची पट्टी वाकवून एकेक कान वाटून घ्यायचो. स्टिरिओमुळे तिच्या वाट्याला तबला, माझ्या वाट्याला सतार. सेल वाचवायला कॅसेट पेन्सिलीवर फिरवायची. सेल उतरले की फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटरचा वेग सोडायची आणि लताबाई चक्क पुरुषी आवाजात गायच्या.

दहावीनंतर तिचं लग्न झालं, शाळा सुटली ती सुटलीच. तिची कॅसेट माझ्याकडे राहिली. 2010 मध्ये सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बंद केला; माझा त्याआधीच बंद पडला होता.

बाई गं, हे वाचलंस तर मेळाव्यात भेट. कॅसेट पर्समध्ये आहे.