काळ्या मुठीचे चाकू

माझ्या टेबलाच्या खणात काळ्या मुठीचे तेवीस खिशातले चाकू आहेत. मास्तरकीच्या पगारात चित्रे जमविता येत नाहीत, सोन्याची नाणी तर नाहीतच. जुन्या बाजारातला गंजका चाकू मात्र अजून परवडतो. मोत्याच्या शिंपल्याच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीकडे मी ढुंकून पाहत नाही. मूठ लाकडाची हवी, आणि तीही काळसर. आबनुसाची नाही तर शिसवीची. शिसवीच्या मुठीत दोन पिढ्यांच्या तळहाताचे तेल मुरले, की तिच्यावर जी कळा चढते ती कोणत्याही पॉलिशाने चढत नाही.

आमच्याकडे या वस्तूचे जुने नाव कलमतराश. बोरू तासावयाचा तो याने. इंग्रजांचे ‘पेननाइफ’ हे नावही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले. पुढे टाक आला, मग फाउंटन पेन आले, तासावयाचे काही उरले नाही. नाव मात्र चिकटून राहिले.

तेविसांपैकी एकोणीस चाकू इंग्लंडातील शेफील्डचे आहेत. गावाची कीर्ती फार जुनी. चौदाव्या शतकात चॉसरने कँटरबरीच्या कथांतल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा सुरा खोवून ठेवला आहे! भोवती डोंगर, पाच नद्यांचे धावते पाणी आणि सराणीला लागणारा खरबरीत दगड जवळच. मग चाकूंचा धंदा तेथे न वाढता तरच नवल. 1624 साली पार्लमेंटाने कायदा करून तेथील चाकूवाल्यांच्या संघाला मान्यता दिली. कोणी कोणता ठसा पात्यावर मारावा, हे तो संघ ठरवी.

आबनूस आणि शिसव मात्र त्या थंड मुलखात रुजणारी झाडे नव्हेत. आबनूस जाई सिंहलद्वीप व दक्षिण हिंदुस्थानातून, आणि शिसव मलबाराकडच्या जंगलांतून, म्हणजे आपल्याच सह्याद्रीतून. सांबराची शिंगे आणि म्हशीची शिंगेही आपल्याकडूनच जात. जोसेफ रॉजर्स कंपनीचा एक शिसवी चाकू मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. कोणत्या घाटातून ते लाकूड उतरले असेल नि कोणत्या बोटीने चाकू होऊन परत आले असेल, याचा विचार करीत मी तो घरी आणला. (आमच्या घरात अशा विचारांना ‘रिकामपण’ असे म्हणतात.)

जुन्या चाकूचे वय पात्याच्या मुळाशी पाहावे. रॉजर्सचा तारा व माल्टी क्रूस हा ठसा प्रसिद्ध आहे. मुकुटाशेजारी राजाराणीची अद्याक्षरे असली तर कारकीर्द कळते. व्हिक्टोरियाची म्हणजे 1837 ते 1901. नुसते ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव दिसले तर चाकू बहुधा 1891 नंतरचा समजावा, कारण परदेशी मालावर देशाचे नाव हवे असा कायदा अमेरिकेने 1890 साली केला आणि तो पुढल्या वर्षी लागू झाला. भिंग डोळ्याला लावून हे वाचण्यात माझे अनेक रविवार गेले आहेत. मालक कळतो, राणी कळते, देश कळतो. ज्याने पाते घासले त्याचे नाव मात्र कुठेच नसते.

एका चाकूला निदान तीन कारागिरांचे हात लागत. एक पाते घडवी, दुसरा ते घासून धार लावी, तिसरा मूठ, स्प्रिंग व पाते जुळवी. यांतला दुसरा सर्वांत अभागी. गरगर फिरणाऱ्या दगडी सराणीमागे तो लाकडी बैठकीवर घोड्यावर बसावे तसा बसे. त्या बैठकीला नावही घोडाच होते. ती जागा त्याला भाड्याने घ्यावी लागे. दगड फुटला तर माणूस जागच्या जागी जाई. न फुटला तरी दगडाची व पोलादाची धूळ छातीत जाऊन बसे. काटे कोरड्या दगडावर घासले जात, चाकू बहुधा ओल्यावर. तरी ओल्या दगडाचा आकार नीट करताना कोरडी धूळ उडेच. 1845 साली एंगल्सने शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांच्या आधाराने लिहिले आहे, की कोरड्या दगडावरचा कामगार सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगतो आणि ओल्यावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतो. माझ्या वयाच्या माणसाने हे वाचले की त्या तकतकीत पात्यावरून बोट फिरवावेसे वाटत नाही.

धूळ अडविण्यासाठी तोंडाशी बांधावयाचे लोहचुंबक निघाले होते. कारागिरांनी ते नाकारले! धंदा सुरक्षित झाला तर माणसांची गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, हे त्यांचे भय. अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या मरणावरच त्याची मजुरी टिकून आहे, त्याने दुसरा हिशेब कोणता मांडावा?

याच गावात 1851 च्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्सने पंच्याहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू घडविला. तो अजून जपलेला आहे. त्याने कोणी पेन्सिलही तासली नसावी. मला त्यापेक्षा केन हॉली या हत्यारे विकणाऱ्या गृहस्थाचा संग्रह मोलाचा वाटतो. त्याने हत्यारे जमविली, अर्धवट घडलेली पातीही जमविली, आणि काम करणाऱ्या कारागिरांची चित्रफीत घेऊन ठेवली. 2014 साली तो वारला. संग्रह शेफील्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. तेथे घडणीतून नुकते बाहेर पडलेले, धार न लागलेले काळेकुट्ट पातेही पाहावयास मिळते. मूठ अजून बसलेली नाही, ठसा अजून चमकलेला नाही, आणि सराणीवरचा माणूस अजून त्याची वाट पाहत बसलेला आहे.