हौशी कोणाला म्हणावे?

‘हौशी’ हा आपल्या भाषेतला मोठा मोकळा शब्द आहे. हौशी नाटकमंडळीत तलाठी असतो, शिंपी असतो, धानाच्या गिरणीतला हमालही असतो. पोटाचा उद्योग सांभाळून ज्याला जे करावेसे वाटते ते त्याने करावे, एवढाच त्याचा अर्थ. भाऊबीज झाली आणि झाडीपट्टीत मंडया भरू लागल्या की कोणालाही हे डोळ्यांनी पाहता येईल. पण ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण खेळाच्या मैदानावर तो वापरतो, तो काही इतक्या मोकळ्या घरात जन्मलेला नाही. हेन्ले येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली, तीत कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळून टाकले. पैसे घेऊन खेळणारा नको, हे एक वेळ समजू शकते. पण कामाने ज्याचे दंड भरले तोही नको! धावण्याच्या शर्यतींतले हे कुंपण १८८० साली, ऑक्सफर्डला नवी संस्था निघाली तेव्हा, मोडले. मनातले मोडायला अर्थातच जास्त वेळ लागतो.

आपल्याकडे लांबवर धावणे ही हौस मुळातच नव्हती. ते काम होते. रेल्वे येण्यापूर्वी डाक पायी धावे. हरकाऱ्याच्या खांद्यावर पिशवी, हातात घुंगरू लावलेला भाला. आपला टप्पा संपला की पिशवी पुढच्याच्या हवाली करायची. मध्यप्रांताच्या जंगलवाटांवर त्या घुंगरांनी सावज आणि शिकारी दोघांनाही वर्दी मिळत असे. किती वेगाने धावला म्हणून त्याला कोणी पदक दिले नाही. उशीर झाला तर मात्र जाब विचारीत.

अशा अनवाणी पायांकडे खेळाडूचे पाय म्हणून प्रथम पाहिले ते सर दोराबजी टाटा यांनी. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि दोराबजी त्याचे अध्यक्ष झाले. गृहस्थ केंब्रिजला शिकलेले, तिथल्या मैदानांवर वाढलेले. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक सामन्यांना ते हजर होते. मैदान लहान आणि खडबडीत. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून धावावी लागे. मुख्य शर्यत मात्र सुमारे २५ मैलांची होती, आणि तीत उतरले होते शेतकऱ्यांचे पोर. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावर ते बिनवहाणांचे धावले. शिक्षण नाही, नियमांची ओळख नाही, खुराक म्हणावा तर घरची भाकरी. तरीही पहिल्या तीन-चार जणांना लागलेला वेळ युरोपातल्या वेळांशी ताडून पाहावा असा होता. हे दोराबजींच्या ध्यानात आले, कारण त्यांना ते वेळ ठाऊक होते. नुसती सहृदयता असती तर त्यांनी शाबासकी देऊन घरी पाठविले असते.

त्यांनी तिघांना स्वखर्चाने अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पाठवायचे ठरविले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या खटपटीने फेब्रुवारी १९२० मध्ये हिंदुस्थानला स्पर्धेत उतरण्याची परवानगी मिळाली. मग पुण्यातल्या मंडळींना स्फुरण चढले. तीनच का, पुरता संघच जाऊ द्या! निवड समितीत शंभर मीटरच्या वेळेविषयी चर्चा निघाली तेव्हा एका सभासदाने ‘एक-दोन मिनिटे’ असे सांगितल्याची गोष्ट सांगतात. ही आपली तयारी. अखेर सहा जण निघाले : बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी, बंगालचे बॅनर्जी आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन पहिलवान. शिंद्यांचा कुस्तीत चौथा क्रमांक आला, पदक एका पायरीने हुकले. त्यांची कथा स्वतंत्र लिहावी अशी आहे.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. अंतर ४२,७५० मीटर. ऑलिम्पिकच्या कोणत्याच मॅरेथॉनमध्ये एवढे लांब अंतर धावलेले नाहीत. ती फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने जिंकली, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. हा गडी धंद्याने गवंडी. हेन्लेच्या व्याख्येत तो मुळीच बसला नसता. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. जे हिशेब पदकांपुरतेच ठेवतात त्यांच्या वहीत या एकोणिसाव्या क्रमांकाला ओळ मिळत नाही. मला तो आपल्या क्रीडेतिहासातला मोठा आकडा वाटतो.

महाराष्ट्रात या शर्यतींचा खरा मोसम हिवाळाच ठरला, आणि ते साहजिक आहे. एवढ्या अंतरात अंगातली उष्णता बाहेर जायला हवा गार लागते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली ती डिसेंबरातली. मुंबईची २००४ साली सुरू झाली, ती पुढे जानेवारीत स्थिरावली. त्या पाठोपाठ गावोगाव हौशी धावकांचे गट निघाले. आता पाच किलोमीटरच्या धावेलाही मॅरेथॉन म्हणतात. त्यावर रागावणे मी सोडून दिले आहे.

गोंदिया जिल्ह्यात हिवाळ्याला आणखी एक कारण आहे. धान कापून, चुरून घरात येते, बांध्या मोकळ्या होतात आणि पोरांचे पाय सुटतात. पहाटे पाचला आमगावच्या रस्त्यावर धुक्यात दोन तऱ्हेची माणसे धावताना दिसतात. एक डॉक्टर, व्यापारी, बँकेतले लोक. पायांत भारी बूट, मनगटावर घड्याळ. दुसरी खेड्यांतली मुले-मुली; त्यांना पोलिसभरतीचे मैदान मारायचे असते. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. दोन्ही तऱ्हेचे लोक हिवाळी शर्यतीत एकाच चुन्याच्या रेघेवर उभे राहतात, आणि पुढे कोण जाते हे सांगायला नको. मागे अशा एका शर्यतीनंतर एक सज्जन मला म्हणाले, “ही भरतीची पोरं वेगळी काढली पाहिजेत, गुरुजी. ती काही हौशी नव्हेत.” बोलण्यात द्वेष नव्हता. हेन्लेच्या मंडळींच्या बोलण्यातही तो नसावा.

मला हे पटत नाही. ज्या मुलीला आठशे मीटरच पुरेत, ती दर रविवारी दहा किलोमीटर का धावते? भरतीच्या वर्गात हे कोणी शिकवीत नाही. पोटासाठी घेतलेल्या कामाला केव्हातरी गोडी लागते, आणि ती लागल्याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. जिमखान्याच्या शर्यतीत उतरलेल्या त्या शेतकऱ्यांच्या पोरांना ती बांधावरच लागली असेल.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात मी चौगुल्यांची वेळ फळ्यावर लिहून गणित घातले : याच वेगाने सोळाशे मीटरला किती वेळ लागेल? उत्तर आले सहा मिनिटे तेवीस सेकंद. “एवढ्यात पूर्ण गुण नाही मिळत, गुरुजी,” एक मुलगा म्हणाला. मी म्हटले, असे सोळाशे मीटर त्याने न थांबता किती वेळा काढले ते आता पाहा. भागाकार सव्वीस पूर्णांक सात आला. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून एकीने विचारले, “मग त्याला नोकरी लागली का?”