मोटारीचा दिवा



दिव्याविषयीं बोलावयाचें म्हणजे समईपासून आरंभ करावयाचा, अशी आपल्याकडील रीत आहे. आज मात्र मी ज्या दिव्याविषयीं बोलणार आहें, तो देवघरांतला नव्हे. दारांत उभ्या असलेल्या मोटारीचा आहे. त्याचा बल्ब गेला तर तो घरच्या घरीं बदलतां येतो, ही गोष्ट आज फार साधी वाटते. पण हें साधेपण मिळण्यास सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं, आणि आतां तें हळूहळू पुनः हातचें जाऊं लागलें आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसूं लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. त्या काळच्या मोटारींना घोडागाडीसारखेच तेलाचे कंदील असत. त्यांचा उपयोग वाट दिसण्यापेक्षां गाडी येत असल्याची वर्दी देण्यासाठींच अधिक. पुढें कार्बाइडचे दिवे प्रचारांत आले. वरच्या भांड्यांतील पाणी थेंबाथेंबानें खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडे, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे, आणि काडी लावतांच शुभ्र, प्रखर ज्योत उभी राही. पण या दिव्याची सेवाहि तशीच करावी लागे. भांड्यांत उरलेला चुन्याचा चिखल खरवडावयाचा, ज्योतीचें बारीक तोंड साफ करावयाचें, नवें कार्बाइड व पाणी भरावयाचें, हीं ड्रायव्हरचीं नित्यकर्मेंच होतीं.

मोटारीवर विजेचा दिवा लावण्याचे प्रयत्न अमेरिकेंत १८९८ पासून चालूं होते. परंतु खाचखळग्यांच्या धक्क्यांनीं बल्बांतील नाजूक तार टिकत नसे. १९१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार काढण्याची कला साधली, आणि १९१२ मध्यें कॅडिलॅक मोटारीवर विजेनें इंजिन सुरू करण्याची व दिवे लावण्याची योजना एकत्र आली. दिवा बटणाचा दास झाला. पण प्रकाश वाढला तशी नवी अडचण उभी राहिली. ज्या दिव्यानें मला वाट दिसे, त्याच दिव्यानें समोरून येणाऱ्याचे डोळे दिपूं लागले.

यावरचा चतुर उपाय १९२५ च्या सुमारास जर्मनींत निघाला. एकाच बल्बांत दोन तारा बसविल्या. एक आरशाच्या केंद्रबिंदूवर. तिचा झोत लांब जातो. दुसरी किंचित् पुढें, आणि तिच्याखालीं पत्र्याची इवलीशी वाटी. या वाटीमुळें प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो व तेथून खालीं रस्त्याकडे वळतो. आपले चालक ज्याला 'डिपर' म्हणतात, त्याचा जन्म असा झाला.

अमेरिकेनें १९४० मध्यें वेगळाच मार्ग धरला. कांच, आरसा व तार हीं सर्व एकत्र बंद करून टाकलीं. तार तुटली कीं सारा दिवाच टाकून द्यावयाचा. युरोपनें मात्र बदलतां येणारा बल्ब सोडला नाहीं. १९६२ मध्यें तेथें मोटारीसाठीं हॅलोजनचा बल्ब आला. त्यांतील वायु तारेवरून उडालेलें टंगस्टन पुनः तारेकडे पोंचवितो, म्हणून कांच काळवंडत नाहीं. नंतर १९७१ च्या सुमारास दोन तारांचा हॅलोजन बल्ब निघाला. तोच आपल्याकडे घरोघरीं परिचित झालेला 'एच-फोर'.

नेमकीं हींच वर्षें आपल्या नव्या मुंबईच्या जन्माचीं आहेत. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली व १९७३ मध्यें ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला. आगगाडी वाशीस पोंचली ती १९९२ मध्यें. म्हणजे जवळजवळ वीस वर्षें मुंबईशीं या नगरीचा मुख्य दुवा रस्ता हाच होता. आणि १९९७ मध्यें दुसरा पूल होईपर्यंत येणारी व जाणारी रहदारी एकाच पुलावरून समोरासमोर चाले. अशा ठिकाणीं दिवा ही केवळ स्वतःची सोय राहत नाहीं. समोरच्याचे डोळे ही आपल्याकडे ठेवलेली ठेव होते.

हा विचार बल्ब बदलतांनाच मनांत असावा. दिवा बंद करून थंड होऊं द्यावा, मागची जोडणी काढावी, रबरी टोपण दूर करावें, तारेची कडी सोडवावी, कीं बल्ब हातांत येतो. नव्या बल्बाच्या कांचेला बोट लावूं नये. बोटांचें तेल तापलेल्या कांचेवर डाग धरतें व बल्ब लवकर निकामी होतो. बल्बाच्या कड्याला तीन कान असतात. ते आपापल्या खांचेंत बसले तरच ती इवलीशी वाटी तारेच्या खालीं येते. बल्ब तिरका बसला, तर शतकाची सारी विद्या फुकट जाऊन झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. म्हणून काम झाल्यावर मोटार आवारांतील भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात कीं नाहीं, हें पाहावें.

दुसरा मोह अधिक प्रखर बल्बाचा. नेहमींचा बल्ब १२ व्होल्टवर ६० व ५५ वॅटचा असतो. त्याऐवजीं १०० वॅटचे दोन लावले, तर तारांतून १० ॲम्पिअरऐवजीं जवळजवळ १७ ॲम्पिअर प्रवाह वाहतो. तारा, बटण व दिव्याची बैठक तापतात. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मर्यादाहि आंखून दिली आहे : दिव्यापुढें ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवर असलेले डोळे दिपतां कामा नयेत.

आज अनेक मोटारींत एल्. ई. डी. चे बंद दिवे येतात. ते दीर्घायुषी खरे, पण बिघडले तर बहुधा सबंध दिवाच बदलावा लागतो. शिवाय जुन्या हॅलोजनच्या घरांत एल्. ई. डी. चा बल्ब कोंबण्याची हौस वाढली आहे. त्याचा प्रकाशबिंदु तारेच्या जागीं व तारेच्या आकाराचा नसला, तर आरसा त्याला नीट वळण देऊं शकत नाहीं, आणि १९२५ पूर्वींची दिपवणूक पुनः रस्त्यावर येते.

दिवा किती प्रखर केला, यांत या इतिहासाचें निम्मेंच श्रेय आहे. उरलेलें निम्में, तो कोठें पडूं दिला नाहीं, यांत आहे. बल्ब बदलणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें व गृहिणीनें एवढें ध्यानांत ठेविलें, तर खाडीच्या दोन्ही तीरांवरील रात्रीचा प्रवास अधिक निर्भय होईल.