मुन्शी गफ्फार बेग आणि आपली सातवीची मुले



महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या सातवीच्या मुलालाही तोंडपाठ असते. परंतु खुद्द जोतीरावांची शाळा लहानपणी सुटली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मुलगा शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असे वडिलांच्या, म्हणजे गोविंदरावांच्या, कानावर घालण्यात आले. त्यांनी मुलाला पंतोजींच्या शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. तेराव्या वर्षी लग्नही झाले. एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा शेवट असाच होतो. तो आपण आजही आपल्या गल्लीत पाहतो.

तो शेवट झाला नाही, याचे कारण शेजार. उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ या दोघांच्या नजरेत या मुलाची हुशारी भरली होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय चौदाच्या आसपास, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या मुलाएवढे. ध्यानात घ्या, गोविंदराव काही मुलाचे वैरी नव्हते. त्यांना मळ्यापलीकडचे काम ठाऊक नव्हते, एवढेच. ते ठाऊक असणारा माणूस घरी यावा लागला.

याच जोतीरावांनी पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. मुलांना मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी त्यांची मागणी होती. मुसलमान मुले सरकारी शाळांपासून दूर राहतात, याचाही त्यांनी त्यात उल्लेख केला. तो वाचताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि व्हावे.

आता कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांना कोणी शाळेत येऊन धंद्याची माहिती सांगितली होती? नव्हती. पण दौंडला आणि शिरूरला धंदा स्वतःच गावात येत असे. १८५८ साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून दिक्सळपर्यंत गेला. पुढे दुष्काळाची वर्षे सरता सरता, १८७८ साली, दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन बनले. फायरमन, फिटर, पॉइंट्समन, गँगमन ही नावे घरोघरी बोलली जाऊ लागली. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, आणि ते पाहत उभे राहणारे पोर न शिकवताच रेल्वेचे अर्धे काम शिके. उरलेले अर्धे चाचा किंवा मामू शिकवीत.

शिरूरचे तसेच. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती आणि १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचा मुक्काम तेथे दीर्घकाळ होता. घोडदळ आले की नालबंद आला, खोगीर शिवणारा आला, मोतद्दार आला.

मात्र छावणी उठली, की नालबंदाच्या मुलाने काय करावे? वाफेचे इंजिन गेले तेव्हा फायरमनचे कामही गेले. आता तर कॉर्ड लाइन झाल्यामुळे कित्येक गाड्यांना दौंडला इंजिन फिरवावे लागत नाही. रांजणगावला कारखान्यांची रांग उभी आहे, पण कुंपणाच्या आत काय चालते ते बाहेर उभ्या असलेल्या पोराला दिसत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या बापाचा धंदा टिकेल तोवरच पुरते.

मुंबईच्या तय्यबजी घराण्यात थोरले बंधू कमरुद्दीन आधी विलायतेस जाऊन सॉलिसिटर झाले. त्यांच्या मागोमाग १८६० साली धाकटे बद्रुद्दीन गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. त्यांना वाट दाखवणारा भाऊ घरातच होता. आपल्या बहुतेक मुलांना तो बाहेरून आणावा लागेल.

मी सातवीच्या मुलांना एकदा विचारले, तुम्हाला ठाऊक असलेली कामे लिहा. वर्गाच्या वह्या गोळा केल्या तर सगळ्या मिळून वीसही कामे भरली नाहीत. गॅरेज, फळांची गाडी, वेल्डिंग, ड्रायव्हर, शिक्षक, डॉक्टर, पोलीस. माझेही असेच होते. लहानपणी मी शिकून नोकरी करणारी माणसे दोनच पाहिली, मास्तर आणि तलाठी. तलाठी झालो नाही म्हणून मास्तर झालो, असे म्हटले तरी चालेल. आणि आपल्या मुलांची गळती नेमकी याच वयात सुरू होते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, नाही तर मध्येच गळाली होती.

म्हणून विनंती अशी की, आपल्यापैकी जे कोणी काम करतात त्यांनी पाचवी ते आठवीच्या वर्गात अर्धा तास यावे. केवळ डॉक्टर-वकील नव्हे. रेल्वेतला सिग्नल दुरुस्त करणारा यावा, कारखान्यातला टर्नर यावा, बँकेतला कारकून यावा. दवाखान्यातल्या नर्सबाई आणि आशाताई तर जरूर याव्यात, कारण मुली बापाचे ऐकतात पण पाहतात बाईकडे. भाषण नको. सकाळी किती वाजता कामावर जाता, पहिला पगार किती होता, कोणती परीक्षा दिली, किती वेळा नापास झालात, हे सांगा. नापासाची गोष्ट मुले सर्वांत लक्ष देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना बोलण्याचा संकोच वाटतो त्यांनी आपले हत्यार, मोजपट्टी, शिट्टी किंवा हिशेबाची वही बरोबर आणावी. प्रश्न मुलेच विचारतील. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा रजा काढण्याचीही गरज पडणार नाही. नाव वर्गशिक्षकांकडे नोंदवावे.