फिरंगरोग आणि गोमंतक

रोगाच्या नावातही इतिहास दडलेला असतो. सोळाव्या शतकातील भावमिश्र या वैद्याने ‘भावप्रकाश’ ग्रंथात एका नव्या व्याधीची नोंद केली आणि तिला ‘फिरंगरोग’ असे नाव दिले. पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ साली मलबारच्या किनाऱ्यास लागले, १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला. ही व्याधी त्यांच्याबरोबर आली, अशी त्या काळची समजूत या नावातून व्यक्त होते. युरोपात मात्र तिला कोणी फ्रेंचांची म्हणत, कोणी नेपल्सची. दोष परक्याच्या माथी मारण्याची रीत सर्वत्र सारखीच!

गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात या रोगावरील चोपचिनीच्या उपचाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी इटलीत फालोपियो या शरीरशास्त्रज्ञाचा मरणोत्तर ग्रंथ निघाला. औषधात भिजविलेल्या कापडी आवरणाने हा रोग टाळता येतो, असे त्यात प्रतिपादन होते. उपचार आणि प्रतिबंध यांचे विचार असे एका वर्षाच्या अंतराने प्रसिद्ध झाले. परंतु पहिल्यास वैद्यकात मान मिळाला, दुसरा लज्जेच्या पडद्याआड राहिला.

मराठीत तो पडदा दूर सारण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. न्यायालयात दंडही भरावा लागला. पुढे १९६८ साली सरकारनेच पंधरा पैशांस तीन या दराने ‘निरोध’ बाजारात आणला. मात्र त्याची ओळख कुटुंबनियोजनाचे साधन एवढीच राहिली.

एड्सचे संकट आले तेव्हा गोव्याने प्रथम कुलूप शोधले. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणास, रक्तात विषाणू आढळला म्हणून, कायद्यान्वये ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. सुटल्यावर त्याने आपल्यासारख्यांसाठी कार्य उभे केले. १९९२ साली त्याचा अंत झाला. रुग्णास कोंडल्याने रोग थांबत नाही, उलट भयाने लोक तपासणीच टाळतात, हा धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने अशा रुग्णांशी भेदभाव करण्यास मनाई केली.

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत पोर्तुगिजांकडे गेले. डिचोलीत पुढे खाणींमुळे मालमोटारींची वर्दळ वाढली, तर पेडण्यात हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर देशोदेशीचे प्रवासी येऊ लागले. माणसांच्या या ये-जा करण्यात दोष नाही. पण अशा ठिकाणी प्रतिबंधाचे साधन हाताशी हवे. निरोध नेमाने व योग्य रीतीने वापरल्यास एड्सचा विषाणू व परमा यांपासून मोठे संरक्षण मिळते. फिरंगरोगाचा धोकाही घटतो, जरी पुरता टळत नाही. शासकीय आरोग्य केंद्रांत तो विनामूल्य मिळतो. तरीही लहान गावात दुकानदार ओळखीचा, परिचारिका नात्यातली. मागणाऱ्याची जीभ तेथेच अडखळते. फालोपियोच्या काळी साधन दुर्मिळ होते. आज ते सुलभ आहे. ते निःसंकोच मागता येईल, एवढे वातावरण निर्माण करणे समाजाच्या हाती आहे.