५ जून १९७५ : ‘टॉकिंग हेड्स’ रंगमंचावर

न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरील ‘सीबीजीबी’ क्लबमध्ये या दिवशी ‘रमोन्स’ या बँडच्या आधी तिघे नवखे गायला-वाजवायला उभे राहिले. ‘टॉकिंग हेड्स’ या नावाने झालेला हा त्यांचा पहिला कार्यक्रम. डेव्हिड बर्न, टीना वेमथ आणि ख्रिस फ्रांझ हे तिघेही ऱ्होड आयलंडच्या कला महाविद्यालयातले. बँडला बास वाजवणारे कुणी मिळेना, म्हणून वेमथ यांनी ते वाद्य शिकून घेतले. पुढे बँडची कितीतरी गाणी त्यांच्याच बासवर तोलली गेली. त्यांचे हे श्रेय आवर्जून द्यायला हवे.

क्लबचे मालक हिली क्रिस्टल यांना खरे तर कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज ऐकवायचे होते. तिथे रुजले ते मात्र पंक आणि न्यू वेव्ह. त्या गोंगाटात बर्न यांचा अस्वस्थ, तुटक स्वर आणि साधेसुधे कपडे वेगळे उठून दिसले. १९७७ मध्ये जेरी हॅरिसन बँडमध्ये आले आणि पहिला अल्बमही निघाला. ब्रायन ईनो यांनी निर्मिलेल्या ‘रिमेन इन लाइट’ या अल्बममध्ये (१९८०) नायजेरियन संगीतकार फेला कुटी यांच्या आफ्रोबीटचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात. बँडचे सर्वांत धाडसी काम तेच.